तो आला की गोळी

१७ नोव्हेंबर, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

तू बरी असशील, भाऊजी घोरत असतील, छोटीला दात आले असतील. मी मजेत. म्हणजे नाही, पण पत्रात तसंच लिहितात ना.

बेकरी सोडली. आता एका हॉटेलच्या तळघरात चादरी धुते. ताई, माणसं चादरींवर काय काय करून ठेवतात! वर टाय लावून फिरतात आणि त्यांची सगळी घाण खाली आमच्याकडे येते. आमची मुकादमीण काठीने चादर उचलते आणि म्हणते, "साहेबलोक गं, साहेबलोक!" आधी हसू यायचं. हल्ली उमासे येतात. नुसत्या साबणाच्या वासानेसुद्धा.

का येतात ते लिहिते. थांब, आधी ट्रकवाल्याचं. मागच्या पत्रात त्याचं कौतुक केलं होतं, ते पत्र फाडून टाक.

तो मधूनमधून यायचा. मी अगदीच बावळट नाही, गोळ्या आणल्या होत्या. औषधवाल्याला विचारलं, कशा घ्यायच्या? माझ्या मागे दोन म्हातारे उभे. त्याने पाकीट मेलेल्या उंदरासारखं कागदात गुंडाळलं, दोन बोटांनी पुढे सरकवलं. "आत लिहिलंय." आत मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत. मग मीच डोकं चालवलं. डोकं दुखलं की डोकेदुखीची, तशी तो आला की ही. त्याच्यासमोरच घ्यायचे. तो बघत असायचा.

परवा त्याला सांगितलं, दिवस गेलेत. तर हसला गं.

"वेडे, त्या रोज घ्यायच्या असतात. आमची रोज घेते, जेवण झालं की."

"आमची कोण?"

तो चप्पल शोधायला लागला.

"आणि मी घेताना बघत होतास, तेव्हा का नाही बोललास?"

"मला वाटलं, तुझी वेगळी असेल."

शी! त्याची किळस आली. त्याच्या बनियनला नाक लावून झोपायचे, त्या माझ्या नाकाचीसुद्धा.

दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई बरी आहे. म्हणाली, वेळेत आलीस, सगळं नीट होईल, तपासणीची चिठ्ठी घेऊन बाहेर बस. बाहेर खिडकीवरची बाई ओरडली, "नवरा कुठाय?" अख्खं बाकडं माझ्याकडे वळलं. मी चिठ्ठी तिथेच टाकून पळाले. शाळेतून पळाले तशी, बेकरीतून पळाले तशी. पण हे पोटात घेऊन कुठे पळू? उशीर झाला तर डॉक्टरीणबाईसुद्धा काही करू शकणार नाही.

शुक्रवारी परत जाणार आहे. तू ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस, आणि मी उठायला लागले की हात घट्ट धर. मला हे मूल नको आहे. मन वळवायला येणार असशील, तर मात्र येऊ नकोस.

आईला नमस्कार सांग. तेवढाच सांग.

तुझीच,
धाकटी