पाच आणे चार पै

९ सप्टेंबर २०१२
दहावीचं गणित तेवढं राहिलंय. ऑक्टोबरात सुटलं तर गावच्या दूध संस्थेत सचिव. नाही तर दिवाळी झाली की ह्यांच्याबरोबर ऊस तोडायला — अकरावं वर्ष.

१२ सप्टेंबर
तात्याबा मास्तर रिटायर झालेत, पण मला फुकट शिकवतात. आज विचारलं, ०.३३३… परिमेय की अपरिमेय? संपतच नाही, म्हणून अपरिमेय लिहिलं. फुली. का चुकलं ते सांगेनात. म्हणाले, ‘घरी इचार.’ घरी कोणाला विचारू, शेळीला?

भाकरी थापताना सासूला, आत्याबाईंना, म्हटलं — एकाचे तीन भाग केले तर गणित संपतच नाही. हसल्या. ‘कावून संपत न्हाई? आपल्या हिरीत तिघा भावांचे सारखे वाटे हायेत. पाच आणे चार पै. बारा पैचा आणा; तीनदा घाल, सोळा आणे भरतेत. कण उरत न्हाई.’ सातबाराचा उतारा काढून बघितला. खरंच तसंच लिहिलंय. विहिरीत थेंब नाही, पण वाटा पक्का!

म्हणजे पूर्णांकांत वाटा सांगता आला की परिमेय. एवढंच होतं होय.

१३ सप्टेंबर
√१६ ला मी अपरिमेय म्हणाले. मास्तर वैतागले. ‘टोपी घातली म्हंजी कुणीबी पुढारी होतं का? काढून बघ, आत चार हाय.’ दिवसभर हसू येत होतं.

२० सप्टेंबर
√२ ला मात्र वाटाच नाही. पानभर भागत बसले. मास्तर म्हणाले, ‘सोड. त्यो आण्यात न्हाई, पैत न्हाई.’ आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘आसला भाऊबंद नगं बाई.’

९ ऑक्टोबर
पेपर झाला. समीकरणाचं उत्तर √२ आलं. न घाबरता अपरिमेय लिहिलं. घरी आले तर टँकरपण येऊन गेलेला, हंडे भरलेले. लई चांगला दिवस.

१९ नोव्हेंबर
सत्तेचाळीस! पास. उद्यापासून संस्थेत.

२१ नोव्हेंबर
ऊसतोडीचा मुकादम ह्यांना एकट्याला घेईना. ‘नवराबायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता कोण नेतंय?’ मला कुणी सांगितलंच नाही. काल मी संस्थेत होते, तेव्हा आत्याबाई जाऊन ह्यांच्या जोडीला स्वतःचं नाव लावून आल्या. बासष्ट वर्षांच्या आहेत. सकाळी माझा कोयता घेऊन गाडीत बसल्या.