घड्याळ बिघडलंच नव्हतं

अप्पा,

आपल्या गावच्या चर्चचं घड्याळ गेल्या रविवारी चालू झालं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रागानं लिहिणार आहे, आणि राग आला की माझं मुद्द्याचं राहून जातं असं तुम्हीच म्हणायचा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर चिडायची वेळ आली नव्हती. कबरीवर फुलं ठेवायची, मुलांना तुमच्या गोष्टी सांगायच्या, असं छान चाललं होतं. ते सगळं एका दुपारी संपलं.

सोलापुरात नवी पेठेत जिन्याखाली तुमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दुकान कसलं, एक टेबल आणि एक दिवा. दर शनिवारी ते लवकर बंद करून तुम्ही एसटीनं गावाला जायचा, मनोऱ्यावर चढून घड्याळाला चावी द्यायचा. त्याचे कधी पैसे घेतले नाहीत. आणि घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायचा. सकाळी सोलापूरला जाणारी एकच गाडी, ती चुकली की कुणाचा बाजार बुडाला, कुणाचा दवाखाना. घड्याळ पुढं आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी काटा बघितला की लोक पळायचेच. मग ते नवे पाळकसाहेब आले. रविवारी आपण सगळे उपासनेला गावालाच जायचो. भर उपासनेत ते म्हणाले, "देवाच्या घराचं घड्याळ खोटं बोलतं, आणि ते बोलायला लावणारा इथंच बसलाय." सगळ्यांनी मान वळवून तुमच्याकडं पाहिलं. मी नववीत होते, आईशेजारी बायकांच्या बाजूला बसले होते. माझे कान तापले. त्या दिवशी मी तुमच्या बाजूची होते, आणि त्या एका गोष्टीत आजही आहे.

पुढच्या शनिवारची संध्याकाळ मला नीट आठवते. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही गावाहून आलात ते सरळ स्वयंपाकघरात, आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एक लोखंडी तुकडा रॉकेलनं पुसत बसलात. खेकड्याच्या दोन नांग्यांसारखा आकार. मी हात पुढं केला तर हातावर फटका बसला. "लांब हो!" तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं.

"काय हाय ते?" आईनं विचारलं.

"काय न्हाय. भंगार."

त्याच आठवड्यात गावाकडून निरोप आला, घड्याळ बंद पडलं. म्हातारं झालं, असं सगळे म्हणाले. तुम्हीही म्हणालात.

माझ्या लग्नात तुम्ही मला तुमच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा दिलात. त्यात पिवळ्या फडक्यात शिवलेलं काहीतरी जड होतं. "हे कुणाला देऊ नको. कुणी मागायला आलं तर माझ्याकडं पाठव." मला वाटलं, बापाची आठवण. तीन घरं बदलली, डबा कपाटात पैठणीखाली तसाच. फडकं कधी उसवलं नाही, कारण तुमचा शब्द.

आता ऐका. गेली तीन वर्षं घड्याळाच्या दुरुस्तीसाठी पैसे मी जमवत होते. मीच पुढं झाले, तुमची मुलगी म्हणून. सात रस्ता चौकातली ऑफिसं पावतीपुस्तक घेऊन पालथी घातली. "बाई, आता प्रत्येकाच्या खिशात घड्याळ हाय की," असं हसून लोक वाटेला लावायचे. सुगीच्या सणाला चर्चच्या अंगणात लिलाव होतो तो तुम्हाला माहीतच आहे. कुणी आणलेला कोंबडा कुणी बोली लावून घेतो आणि परत चर्चलाच देतो, एकच कोंबडा चार-चारदा विकला जातो. तिन्ही वर्षं शेळ्या राखणाऱ्या आजींनी त्यात एकेक करडू दिलं. त्यांना आता नीट दिसत नाही. मी म्हटलं, आजी, राहू द्या, तुमचं पोट त्याच्यावर आहे. तर म्हणाल्या, "पोरी, मोबाईलमधलं टायम मला दिसत न्हाय. ठोकं कानानं मोजता येत्यात. मरायच्या आदी एकदा ऐकू दे."

पुण्याहून कारागीर आला. दुपारभर वर होता. खाली येऊन हात पुसत म्हणाला, "बाई, यात बिघाड काही नाही. एक भाग नाहीये. तुटलेला नाही, काढलेला आहे. स्क्रूसुद्धा परत जागच्या जागी बसवलेत. काढणारा जाणकार होता." आणि त्यानं माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर पेनानं तो भाग काढून दाखवला. दोन नांग्या.

घरी येऊन मी फडकं ब्लेडनं फाडलं. ओरडले, अप्पा. एकटीच होते म्हणून बरं.

तुमचा अपमान झाला, मान्य. पण ते साहेब दोन वर्षांत बदलून गेले! त्यानंतर कुणावर रुसला होता? कुणीतरी घरी येईल, हात जोडेल, म्हणून वाट बघत बसलात. येणार कोण? कुणाला माहीतच नव्हतं! दर रविवारी त्या बंद घड्याळाखालून आत जाऊन स्तोत्रं म्हणत होता. मी शाळेत असतानाच घड्याळासाठी पहिला लिलाव झाला होता, तेव्हा तुम्ही स्वतः कोंबडीवर बोली लावलीत, ती घरी आणलीत, आणि आम्ही जेवलो. घास गिळला कसा हो तुमच्यानं? आणि शेवटी ते लपवायला जागा कुठली शोधलीत? माझं कपाट. मी दारोदार हिंडत होते आणि ते माझ्या पैठणीखाली पडलं होतं. आजींची तीन करडं, अप्पा. तीन.

भाग मी कारागिराला दिला. "जुन्या सामानात सापडला," म्हटलं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि कामाला लागला. जमलेल्या पैशांत साफसफाई, नवे दोर आणि मनोऱ्याचा जिना झाला. वेळ किती लावू, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी बरोबर लावायला सांगितली. दहा मिनिटं पुढं ठेवायचा तुमचा हक्क गेला.

रविवारी मी ठरवून गेले होते. उपासना संपली की पुढं उभी राहणार, सगळं सांगणार, तुमच्या नावासकट. वाक्यं पाठ केली होती. उपासना संपली, सगळे अंगणात आले आणि अकराचे ठोके पडले. आजी भिंतीला टेकून बोटांवर मोजत होत्या. अकरावा पडल्यावर चाचपडत माझ्यापाशी आल्या, माझे दोन्ही हात धरले. भोवती अख्खी मंडळी.

"तुजा बाप असता तर येवडी वर्सं बंद ठिवलं नसतं बग. व्हय का न्हाय?"

हे पत्र त्या डब्यातच ठेवतेय, फाटक्या फडक्याखाली. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण पाठ केलेल्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

"व्हय, आजी," म्हणाले मी.