पाचवी भाकर

बीडीओ साहेब, माकणीच्या गुरुलिंगचा नमस्कार.

कोंबड्या पाळायचं शिकवायला अमेरिकेहून आलेल्या, आमच्याच घरी जेवणाऱ्या वॉल्टरला 'इथलं जेवण सोसंना' म्हणून उद्या परत धाडू नका. गुन्हा माझा हाय. म्याच थाप मारली, "आमच्यात वाढणारीला 'बास' म्हणलं, की ती उपाशी निजती." तवापासून माझी आई "घे लेकरा" म्हणायची, अन् ह्यो येडा घाम पुसत पाचवी भाकर तिखटजाळ चटणीसंगं गिळायचा. शेवटी उमरग्याच्या दवाखान्यात पडला. एवढं कुणी खरं मानतं व्हय?

आज त्याला खरं सांगितलं. तर म्हणतो, "आईला सांगू नको. तिला वाटतं, मला आवडतं."

पत्र दिलं तर तुम्ही चौकशीला येणार, आईलाच विचारणार. न्हाय दिलं तर ह्यो जाणार. डोकं फिरलंय माझं. तवर हे पत्र खिशातच ठिवतो.

तुमचा गुन्हेगार,
गुरुलिंग