अण्णाजींचे पडदे

मी, आनंदाबाई, कै. अण्णाजी भोयर यांची पत्नी, वय अंदाजे साठ, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), तहसील आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, राजीखुशीने लिहवून ठेवते. दम्याने अंथरूण धरले आहे. डोके ठिकाणावर आहे. आम्हाला मूलबाळ नाही.

१. राहते मातीचे घर शेजारीण भागीरथा रूपराव काळे हिला द्यावे. माझे पाणी तीच भरते. दीर किसनराव यांनी हक्क सांगू नये. शेत यजमानांनी हयातीतच त्यांना देऊन टाकले, तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते.

२. माझे यजमान नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट. ज्या गावाची ऐपत नसे, तिथे जेवणाखेरीज काही घेत नसत. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्यांना नीट दिसावा म्हणून चंद्र मुद्दाम मोठा काढत. कोणावर आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. सन १९५२ च्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. तेव्हा आजूबाजूची गावे रडली, हे खोटे नाही.

३. तेरवीनंतर प्रभाकरराव वकील आले. म्हणाले, "वहिनी, अण्णाजींचं स्मारक करू. वर्ध्याला पडदे कायमचे मांडून ठेवू." पूर्ण झालेले सगळे पडदे मी बैलबंडीत भरून दिले. एक सभा झाली, हार घातले, भाषणे झाली. पुढे काही नाही. निरोप धाडले, उत्तर नाही. शेवटी मीच वर्ध्याला गेले. पडदे एका गोदामात ओल्या जमिनीवर पडले होते. हात लावला तर अरण्याची माती होऊन बोटांना लागली. चौकीदार म्हणाला, "बाई, काऊन रडून राह्यल्या? वाळवीनं खाल्लं ते. त्याले आता कोन काय करन?"

प्रभाकररावांना मी शाप देत नाही. यजमानांना ते मनापासून मानत, मग विसरले. तरी त्यांनी माझ्या मयतीला येऊ नये, आणि यजमानांच्या नावाने पुन्हा कोणी सभा भरवू नये.

४. कुंचले व रंगाच्या वाट्या यजमानांची भाची इंदिरा हिला. "हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे," असे ते म्हणत. लग्नानंतर सासरी तिला रंगाला हात लावू दिला नाही. दिवाळीत आली, तेव्हा मी कुंचला पुढे केला. "मामी, ठेवून द्या. मले आता रेघ ओढाची भीती वाटते," म्हणाली आणि भांडी घासायला उठली. तिला नको असतील तर दोष देऊ नये, कुंचले चुलीत घालावे.

५. घरात एक पडदा आहे, अर्धाच झालेला. डावीकडे नदी, उजवीकडे कोरे मांजरपाट. पुरा करणारे कोणी नाही. ज्या नाटक मंडळीने तो रंगवायला सांगितला होता, तीही मोडली. भागीरथेने तो फाडून, धुऊन, लेकीच्या बाळंतपणासाठी दुपटी शिवावी. सरसात कालवलेला रंग पाण्यात निघून जातो. नदी जाईल, कापड मऊ राहील. वर काय रंगवले होते, हे कोणी सांगत बसू नये.

भैय्याजी अर्जनवीस यांनी लिहिले, वाचून दाखवले, बरोबर आहे. "आणखी काही?" त्यांनी विचारले. काही नाही.

आनंदाबाई अण्णाजी भोयर, निशाणी डावा अंगठा

साक्षीदार:
१. मोतीलाल कापडवाले, सही
२. माणिक हरिभाऊ ढोले, सही

मुक्काम तळेगाव, दिनांक ९ मार्च १९५८