दोन सिरिंजा आणि आईचं हसू

आबा,

परवा तुमची ती करामत मी पुन्हा करून बघितली. दोन सिरिंजा आणि मधे सलाईनची नळी. पहिल्यांदा नळीत नुसती हवाच होती. इकडून दट्ट्या दाबत बसले, हवा आतल्या आत दबली आणि तिकडं कॅमेऱ्याचं बटण ढिम्म. मग आठवलं, तुम्ही नळी पाण्यानं भरायचात, एक बुडबुडा राहू द्यायचा नाहीत. पाणी भरलं, दुसरी सिरिंज पट्टीनं बटणावर आवळली, घरापुढच्या सोप्यात बसून दट्ट्या दाबला, आणि अंगणातला कॅमेरा आपला आपण वाजला. या वयात मी तोंडात बोट घातलं, आबा. कॅमेऱ्याजवळ चिटपाखरू नाही, आणि नुसतं पाणी माझ्या अंगठ्याचा जोर तिथवर घेऊन जातंय.

तुम्ही शिवाजी पेठेतल्या दवाखान्यात कंपाउंडर, तेव्हा सिरिंजांना तोटा नव्हता. ध्यास एकच, आईचा हसरा फोटो. कुणी कॅमेरा डोळ्याला लावला की ती मतदान कार्डावरच्यासारखी ताठ व्हायची, म्हणून कॅमेऱ्यामागं माणूसच नको असा तुमचा बेत. रविवारी ती आजऱ्याचे तांदूळ निवडायला बसते, तुम्ही मुठीत सिरिंज लपवून शेजारी. थोरल्यांच्या देखत नवराबायकोनं असं शेजारी बसायची आपल्यात रीत नव्हती, पण कॅमेरा मांडलेला असला की कुणी काही बोलत नसे. तुम्ही दवाखान्यातल्या गमती सांगताय, तिच्या ओठांवर हसू येईल येईल असं होतंय, आणि तुम्ही दाबणार तेवढ्यात चेहरा पुन्हा कोरा.

"जरा हस की गं."

"मला न्हाय जमत."

असे ढीगभर फोटो आहेत. तुम्ही गेलात तोवर त्यात हसरा एकही आला नाही.

म्हणून परवा मी तिच्याशेजारी बसले. "मोबाईल न्हाय व्हय तुज्याकडं? ह्ये काय काढलंईस?" म्हणत तिनं सिरिंज माझ्या हातातनं ओढून घेतली आणि दाबली. लांब कॅमेरा वाजला तशी ती हसायला लागली. दट्ट्या मागं ओढून, हसत हसतच पुन्हा दाबला. तो फोटो आला, आबा. पुढचे दात नाहीत, डोळे मिटलेत, आणि इतका देखणा चेहरा मी जन्मात पाहिला नाही.

"आबांच्या येळंला का गं एकदाबी अशी हसली न्हाईस?"

सुपातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "त्येंच्या मुठीत काय हाय, मला ठावं न्हवतं व्हय? एकदा मनासारखा फोटू आला असता तर उठून गेलं असतं की. दुसऱ्या रविवारी माज्याशेजारी कशाला बसलं असतं?"

तिला हसणं जमत नाही, असंच वाटत तुम्ही गेलात. हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहायला बसले. पण खरं सांगते, तुम्ही असता तरी हे पत्र तुमच्या हाती दिलं नसतं. तिचे रविवार बुडाले असते.