आखूड पायाचा बैल

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात तुम्हाला पाहिलेली माणसंही आता थोडीच उरली आहेत. तरी गेले काही महिने मी तुमच्याशीच बोलतोय, दुकानात पाण्याच्या मोटारी उघडता उघडता, मनातल्या मनात, आणि आज ते कागदावर उतरवतोय. कारण माझी नात. तिला चौथं चालू आहे, राहुरीत घराजवळच्या इंग्रजी शाळेत नर्सरीला जाते. शाळेनं मुलाला आणि सुनेला बोलावून सांगितलं, मुलगी बोलत नाही, पेन्सिल धरत नाही, ओळीत लिहीत नाही. असंच राहिलं तर पुढच्या वर्गात घेता येणार नाही. तेव्हापासून आमच्याकडं रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडायला लागली. "स्लीपिंग लाइन काढ बाळा. आता स्टँडिंग लाइन." सून वाईट नाही बाई, घाबरलेली आहे. पोरगी पेन्सिलीकडं विंचवाकडं बघावं तशी बघायची, आणि आधी जे दोन-चार शब्द बोलायची तेही तिनं बंद केले. मुलगा म्हणाला, ट्यूशन लावू. माझा धंदा कानाचा आहे. बोअरमधली मोटार वर काढायच्या आधी, नुसत्या आवाजावरून, तिचं काय बिघडलंय ते मी सांगतो. त्यासाठी लोक लांबून येतात. पोरीचं ते गप्प बसणं मी ऐकलं आणि ओळखलं. तसंच गप्प मी बसायचो, तुमच्या बालवाडीत.

देवळाची ओसरी, खाली सारवलेली जमीन, आणि तुमच्या पत्र्याच्या डब्यात गेरू, चुना, कोळसा, ज्वारीची चिपाडं. पाटी-पेन्सिल होती, पण ती तुम्ही सगळ्यात शेवटी काढायचा. आधी जमिनीवर बोटानं रेघोट्या, मग डबा वाजवून त्याच्या तालावर चालणं, मग माती. गावातले लोक येता-जाता म्हणायचे, "बाई, पोरं शिकवताय का चिखलात लोळवताय?" तुम्ही म्हणायचा, "दोन्ही बी." आणि पुन्हा मातीत हात घालायचा. मी कोपऱ्यात बसलेला असे. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हे पोर मंद आहे. वडील म्हणायचे, पोळा झाला की ह्याला शेळ्यांमागं धाडायचा, ओसरीत बसवून काय उपयोग.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आम्हाला मातीचे बैल करायला बसवलं. मी शेजारच्या पोराचं बघून बघून हुबेहूब त्याच्यासारखा बैल केला. तुम्ही आलात, बैल उचललात आणि माझ्यादेखत पुन्हा त्याचा गोळा केलात. आयुष्यात तुम्ही मला रागावलात ती तेवढी एकच वेळ. "ह्यो तुझ्या घरचा बैल न्हाई, त्याच्या घरचा हाय. तुझ्या दावणीचा कर." मी रडलो नाही. बराच वेळ तो गोळा हातात धरून बसलो, आणि मग आमचा तांबड्या केला, मागचा एक पाय आखूड ठेवून. बाकीची पोरं हसली, लंगडा बैल, लंगडा बैल. तुम्ही हसला नाहीत. माझ्यासमोर उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "ह्यो पाय आखूड का रं?" मला सांगता येईना. मी तुमचा डबा ओढला आणि बोटानं वाजवला. टण टण, टण… टण. टण टण, टण… टण. तुम्ही मान कलती करून ऐकता आहात, हे मला आत्ताही दिसतंय. पुन्हा वाजवायला सांगता. मी वाजवतो. तुम्ही विचारता, "बैलाच्या गळ्यातली घंटी?" मी मान हलवतो. त्याआधी माझं एवढा वेळ कुणी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. अंगणात खांदेमळणी चाललेली. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सगळं घर बैलांभोवती, पण सगळ्यांचे डोळे खांद्यावर आणि शिंगांवर. आई चुलीपाशी डाळ शिजवत होती, ती पदराला हात पुसत बाहेर आली. वडिलांनी तुम्हाला तो मातीचा बैल दाखवला आणि म्हणाले, "बगा बाई, ह्ये असलं करतंय. पूजंला लंगडा बैल ठिवायचा का मी? कुंभाराकडनं जोडी आनलीया." तुम्ही म्हणालात, "जोडी ऱ्हाऊ द्या. तांबड्याचा मागचा पाय उचलून बगा."

"का? पायाला काय झालंय?"

"तुमीच बगा की."

पावसानं काम बंद होतं, बैल गोठ्यातनं हौदापर्यंत जायचे आणि परत यायचे, तेवढंच, त्यामुळं त्याचं लंगडणं कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. वडिलांनी पाय उचलला. खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, आत पू धरायला लागला होता. काटा त्यांनी उपसून काढला. मग वडिलांनी विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं?"

"ह्यानं," तुम्ही माझ्याकडं बोट केलंत.

"ह्याला बोलता कुठं येतंय?"

"तोंडानं न्हाई सांगितलं. मातीनं सांगितलं, डबा वाजवून सांगितलं. तुमी ऐकायला बसला न्हाई. ह्याच्या हाताला काईतरी देत जावा, तोंड उघडंल त्याचं त्याचं."

दुसऱ्या दिवशी पाटावर कुंभाराची जोडी होती आणि तिच्या शेजारी माझा आखूड पायाचा. आईनं त्यालाही पुरणाचा घास लावला. शेळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी लगेच बोलायला लागलो, असं काही झालं नाही. दिवाळीनंतर कधीतरी चिपाडांची गाडी करत असताना माझ्या तोंडून "चाक" असा शब्द गेला. तुम्ही मान वर न करता चाक माझ्या हातात ठेवलंत, जसं काही मी रोजच बोलतो. मोठेपणी मला कळलं, तिथं तुम्ही केवढा संयम ठेवला होता. दुसरी कुणी असती तर गावभर सांगत सुटली असती आणि मी पुन्हा मिटलो असतो. अक्षरं मला त्यानंतर आली, आणि भराभर आली. अक्षर म्हणजे तरी काय, कुठल्या रेघेला कुठं वळवायचं, एवढंच की. ते बोटांना आधीच ठाऊक होतं. आज मी मोटारीत तांब्याची तार भरतो तेव्हाही बोटं तसंच काम करतात, डोळ्यांच्या आधी.

तर नातीचं सांगत होतो. एकदा सून कणीक मळत होती, पोरगी जवळ घुटमळत होती. मी एक गोळा मागून घेतला आणि तिच्यापुढं ठेवला. सून म्हणाली, "आबा, आता अभ्यासाची वेळ आहे ना तिची." मी गोळा परत परातीत ठेवला. जेवताना सांगितलं, "नगरला गेलो होतो, तिथं लहान मुलांच्या एका मोठ्या डॉक्टरबाईंना विचारून आलो."

"काय म्हणाल्या?" मुलाचा घास हातातच राहिला.

"वही बंद करा म्हणाल्या. रोज हाताला काहीतरी द्या, कणीक, माती, रंग, वाजवायला डबा. ती काय करते ते बघायचं, कसं करायचं ते सांगायचं नाही."

"शाळेला काय सांगायचं मग?"

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं."

सुनेनं सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळलं. पहिले आठवडे पोरगी नुसती कणीक दाबत बसायची. मग गोळ्यांशी पुटपुटायला लागली. परवा तिनं एक चपटं, वेडंवाकडं काहीतरी करून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे काय गं?"

"तुझा कान."

"एवढा मोठा?"

"आबा सगळं ऐकतो ना, म्हणून मोठा आहे."

एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली. सून ओट्याकडं तोंड करून उभी होती, ती वळली नाही. लाटणं मात्र थांबलेलं मला ऐकू आलं. पेन्सिल अजून मुठीत धरते, ओळीत अजून लिहीत नाही. पण शाळेतल्या मॅडम आता म्हणतात, बघू, परीक्षेपर्यंत वाट बघू.

हे पत्र टाकायचं कुठं ते मला माहीत नाही, दुकानातच राहील. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. काल मुलगा म्हणाला, "आबा, त्या डॉक्टरबाईंचा नंबर द्या, माझ्या मित्राच्या मुलाला न्यायचंय." मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं बाई, आणि मिटलं. म्हणालो, त्या आता कुणाला तपासत नाहीत. देवळाच्या ओसरीत बसणाऱ्या, सातवी शिकलेल्या बाईच्या शब्दावर आमच्या घरात वही बंद झाली नसती. म्हणून तुम्हाला न विचारता डॉक्टर करून टाकलं. पोरगी पुढच्या वर्गात जाईपर्यंत तेवढं निभावून न्या.