सासूबाईंची लिंबोणी

२० फेब्रुवारी १९८३, लातूर
सासरवाडीची, मुखेडची विहीर आटली. सासूबाईंनी लावलेली लिंबोणी वाळली, मेव्हण्यानं तोडून चुलीत घातली. सासूबाई दिवाळीतच गेल्या. शिवगंगा माहेराहून शेवटचं एक लिंबू घेऊन आली. म्हणाली, आईचं एवढंच उरलंय, नीट लावा. म्हणालो, निश्चिंत राहा. कलेक्टर कचेरीत बसून अख्खा नवा लातूर जिल्हा उभा करतोय, एक झाड उभं करणार नाही?

२२ फेब्रुवारी
बिया गोमूत्रात भिजवल्या. अगदी शास्त्रीय.

२ मार्च
बिया कुजल्या. गोमूत्रात भेसळ असणार, दुसरं काय! एक बी शाबूत. एक पुरे.

२१ मार्च
उगवलं! एका बीतून चक्क तीन कोंब. शेजारचे संगप्पा शेतकी खात्यात, पण ट्रेनिंगला गेलेत. अडत नाही.

१७ एप्रिल
टँकरचा पत्ता नाही. तिघांना पाणी कुठून आणू? दोन रोपं हुबेहूब सारखी, तिसऱ्याची पानं रुंद. ऑफिसात उस्मानाबादेतून वाटून आलेल्या फायली लावताना रोज बघतो: एकसारख्या त्या कार्बन कॉप्या, वेगळा तो ओरिजनल. दोन्ही कार्बन उपटून परसात फेकले. शिवगंगा पाण्याच्या रांगेतून आली. म्हणाली, मला तरी विचारायचं. बायकांना प्रशासन कळत नाही.

३ मे
रोप जोमात. कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर एक कलम पाठवावं म्हणतो.

२८ मे
संगप्पा आले. म्हणाले, लिंबाच्या एका बीत परागाशिवायच जादा कोंब येत्यात, ते म्हंजे आईझाडच असतंय, जसंच्या तसं. वेगळा दिसतो त्यात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतोय. वेगळाच उपटला ना, अमृतराव? हाव म्हणालो. पुस्तकी ज्ञान सगळं.

२९ मे
झोप नाही. उकाडा लई.

५ जून
शिवगंगानं पान चुरगळून हुंगलं. पुन्हा हुंगलं. म्हणाली, ह्ये आईचं न्हाई वो. मग राहवलं नाही, संगप्पांचं सगळं सांगून टाकलं. ओरडेल वाटलं. तिनं एवढंच विचारलं, ती दोन कुठं टाकली. जागा दाखवली. तिथं बसून वाळकी माती हातानं उकरायला लागली. म्हणालो, आता काय सापडणार? म्हणाली, ठाऊक हाय. आणि उकरतच राहिली.